कोतवाल बुकातले थोरले

आमच्या घराण्याचा शोध मी हौसेने सुरू केला नाही. २०१७ साली माझ्या पुतणीला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे होते, आणि घरात नुकताच निवृत्त झालेला मी एकटाच असल्यामुळे कागद गोळा करण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो जितका जुना तितके त्याला वजन अधिक, म्हणून वडिलांच्या व आजोबांच्या शाळेचे दाखलखारीज, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख आणि गावचे कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही, अशा तिन्ही ठिकाणी मी नकलांचे अर्ज टाकले. पहिल्या दोन कागदांवर पुतणीचे काम झाले. तिसरा कागद आला तोवर तिची पहिली परीक्षा तोंडावर आली होती आणि कोणाला त्याची गरज उरली नव्हती. त्या बिनगरजेच्या कागदाने मला पुढची कित्येक वर्षे कामाला लावले.

उमरेड तहसिलीतील आमच्या मूळ गावच्या कोतवाल बुकात ऑक्टोबर १९१८ च्या पानावर एकाच घरातले तीन मृत्यू नऊ दिवसांत नोंदलेले होते. आधी पाच वर्षांचा मुलगा, मग विशीतला भाऊ आणि शेवटी स्वतः घरधनी, उमर छत्तीस. तिघांच्याही पुढे मृत्यूचे कारण म्हणून ‘ताप’ एवढाच शब्द होता. घरधन्याचे नाव आणि त्यापुढे ‘वल्द’ म्हणून लिहिलेले बापाचे नाव ही दोन्ही माझ्या पणजोबांच्या व खापरपणजोबांच्या नावांशी तंतोतंत जुळत होती. (या लेखात मी मुद्दाम कोणाचे नाव देत नाही, गावाचेही नाही, त्याचे कारण पुढे येईल. पणजोबांना मी नुसते थोरले म्हणेन.) १९१८ च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएन्झाची जी साथ देशभर पसरली, तिचा अत्यंत जबर तडाखा बसलेल्या प्रांतांमध्ये आमचा मध्य प्रांत व वऱ्हाड होता. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. सरकारी कागदात मात्र मानमोडीही नाही आणि इन्फ्लुएन्झाही नाही, पानामागून पान नुसता ताप आहे. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू लिहिणाऱ्या हाताने त्या महिन्यात ओळी इतक्या दाटीने लिहिल्या आहेत की अक्षर शेवटी शेवटी बिघडत गेलेले दिसते.

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या थोरल्या आत्याबाई तेव्हा नव्वदीच्या घरात होत्या. त्यांना मी ती नक्कल वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “आजा मानमोडीत कसा जाईन? मले खांद्यावर बसवून रामटेकच्या जत्रेले नेलं होतं त्यानं.” आत्याबाईंचा जन्म १९२८ चा. मी त्यांना समजावले की तो त्यांचा चुलत आजा असेल, इतक्या लहान वयातले कोणाला नीट आठवत नाही, आणि हा तर सरकारी कागद आहे. त्यावर त्यांनी विचारले, “कोनं लिवला तो कागद?” मला हसू आले. या क्षेत्रात कोणत्याही कागदाला पहिल्यांदा विचारायचा प्रश्न तोच आहे, हे समजायला मला चार वर्षे लागली.

तो कागद कसा लिहिला जाई ते मी नंतर जुन्या पटवाऱ्यांकडून आणि पुष्कळ बुके चाळून समजून घेतले. गावचा कोतवाल ठरावीक दिवशी ठाण्यावर जाई, मधल्या दिवसांत गावात झालेले जन्म आणि मृत्यू तोंडी सांगे, आणि तेथला लिहिणारा ते टिपून घेई. म्हणजे माहिती एका तोंडून दुसऱ्या कानात जाऊन मग कागदावर उतरे, आणि लिहिलेली तारीख नेमकी घटनेचीच असेल अशी खात्री नसे. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण बारसे व्हायचे असते. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढ्यावर नोंद संपते, आणि तो मुलगा पुढे नेमका कोण झाला हे आपल्याला दुसऱ्या कागदावरून सिद्ध करावे लागते. आडनाव क्वचितच आढळते, जात मात्र सहसा चुकत नाही. विवाहित स्त्री मेली तर ‘जोजे अमुक’, म्हणजे अमक्याची बायको, असा उल्लेख पुष्कळदा पुरेसा मानलेला असतो.

त्यात आपल्याकडे नावांचा साठाच मोजका होता. सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी जन्मला तो बुधा, मंगळवारचा तो मंगरू, आणि वर आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत. एका गावात, एका जातीत, एकाच नावाचे आणि बापाचेही तेच नाव असलेले दोन पुरुष असणे मुळीच दुर्मीळ नव्हते. ही गोष्ट मला ठाऊक होती, मी ती इतरांना बजावून सांगतही असे, आणि स्वतःच्या घराण्यापाशी येताच मी ती सोयीस्करपणे विसरलो.

जुने कागद मोडीत असल्यामुळे २०१८ मध्ये मी मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, वेलांटी बहुधा दुसरी आणि उकार पहिलाच असतो. अक्षरे ओळखायला महिनाभर पुरतो, पण शब्द कोठे तुटतो ते कळायला वर्ष जाते. कालगणनेचाही सराव करावा लागतो. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवायचे, दख्खनी फसली हा महसुली सन असेल तर ५९०, आणि वर्षाचा आरंभ जानेवारीत होत नाही हे सतत ध्यानात ठेवायचे. पुढे २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आम्ही शिकत होतो तेव्हा वर्गात जेमतेम नऊ जण होते आणि पंख्याखालची जागा सहज मिळे.

त्या नवांपैकी आम्ही चौघे टिकलो, आणि माझे पुढचे सगळे काम या चौघांच्या देवाणघेवाणीतून झाले. एक बाई शिक्षिका होत्या. त्यांचे माहेर गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले होते आणि गाव नाही तर निदान गावाची माणसे तरी कागदावर मांडावीत असा त्यांचा ध्यास होता. दुसरे एक रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले भंडाऱ्याचे गृहस्थ. तिसरे आमच्याच भागातल्या एका मालगुजार घराण्याचे वंशज, सीताबर्डीवर त्यांचे दुकान. चौथा मी.

मालगुजारांच्या वंशजाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. १८६० च्या दशकातील जमीन महसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी नागपूर भागात मालगुजारांना गावाची मालकी दिली, आणि नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना ३१ मार्च १९५१ रोजी ती संपली. मधल्या काळात गावातल्या प्रत्येक कास्तकाराचे नाव, शेत, लगान आणि थकबाकी मालगुजाराच्या दप्तरात लिहिली जात राहिली. आमच्या घरात आमच्या पूर्वजांचा कागदाचा एक कपटाही नव्हता, आणि या गृहस्थांच्या वाड्यात लाल कापडाच्या बस्त्यांमध्ये आमच्या चार पिढ्या बांधून ठेवलेल्या होत्या. पहिल्यांदा तो बस्ता सुटला तेव्हा माझ्या मनात कृतज्ञता होती तेवढाच संकोचही होता, आणि मला वाटते त्यांनाही तसेच काहीसे वाटत असावे, कारण थकबाकीचे पान आले की ते उठून चहाचे सांगायला आत जात.

२०१९ च्या दिवाळीपर्यंत मी खापरपणजोबांपासून खाली सहा पिढ्यांचा, १३८ नावांचा वंशवृक्ष तयार केला. त्यात थोरल्यांच्या नावाखाली मृत्यू ऑक्टोबर १९१८ असे ठळक लिहिले आणि सोबत एक टिपण जोडले. आजोबा तेराव्या वर्षी पोरके झाले, घरातली तीन माणसे नऊ दिवसांत गेली, आणि पुढे नागपुरात येऊन एम्प्रेस मिलमध्ये लागल्यावरही त्यांनी दोरीचा तुकडासुद्धा कधी फेकला नाही तो या आघातामुळे, असे मी त्यात लिहिले होते. टिपण सगळ्यांना आवडले. भावकीतल्या अकरा घरांत आणि वर्गातल्या तिघांना मी ते पाठवले. एका उत्साही भाच्याने सगळा वंशवृक्ष एका परदेशी संकेतस्थळावर चढवूनही टाकला.

तीन आठवड्यांनी भंडाऱ्याच्या गृहस्थांचा फोन आला. बराच वेळ त्यांनी थंडीपावसाच्या गोष्टी केल्या आणि मग म्हणाले, “भाऊ, रागावू नका जी, पण हे थोरले तुमचे नाहीत. आमचे आहेत असं मले वाटते.” त्यांच्या घरात एक गोष्ट पिढीजात सांगितली जात होती. मानमोडीच्या साली त्यांचे पणजोबा, पणजोबांचा धाकटा भाऊ आणि एक लहान मुलगा असे तिघे एकापाठोपाठ गेले, आणि पणजी तान्ह्या मुलाला घेऊन वैनगंगेकाठच्या पवनीच्या बाजूला माहेरी निघून गेली. मूळ गाव उमरेडकडचे, एवढेच त्यांना माहीत होते. पणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव ठाऊक होते, पण त्या नावांनी ते सात गावांत शोधून थकले होते. आमच्या गावाकडे मात्र त्यांनी पाहिले नव्हते, कारण ते माझे गाव होते आणि तेथली ती नावे माझी होती.

मला राग आला हे मी कबूल करतो. वर्षभर ज्या माणसासाठी मी हळहळलो तो माणूस कोणी तरी आपला म्हणून मागत होते. दोन दिवस मी उत्तर दिले नाही. मग मालगुजारांच्या वाड्यावर गेलो आणि १९१७-१८ ची जमाबंदी, म्हणजे कास्तकारांच्या लगानाची त्या वर्षाची यादी, पुन्हा उघडली. त्या पानावर ते नाव दोनदा होते. सलग नव्हे, मध्ये अकरा ओळी सोडून. एकाचे लगान साडेसात रुपये, दुसऱ्याचे अकरा. पहिल्या वेळी मला हवे ते नाव सापडताच मी पान उलटले होते. दोघेही मौरूसी, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचे, कास्तकार, दोघांच्या बापाचे नाव एकच, जात एक. १९१९-२० च्या जमाबंदीत साडेसात रुपयांच्या शेतापुढचे नाव बदलून ‘मुसम्मात अमुक बेवा तमुक’ झाले होते, म्हणजे तो कास्तकार मरून शेत त्याच्या विधवेच्या नावावर चढले होते. दोन वर्षांनी तेथे तिसऱ्याच कोणाचे नाव होते. अकरा रुपयांच्या शेतापुढचे नाव मात्र वर्षामागून वर्ष १९३४-३५ पर्यंत जसेच्या तसे चालत आले होते.

आता अकरा रुपयांचे शेत आमचे, हे सिद्ध करायचे राहिले. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात आजोबांच्या नावावर जे शेत होते त्याचा खसरा नंबर, म्हणजे शेताचा क्रमांक, वेगळा होता, कारण मधल्या बंदोबस्तात नंबर बदलले होते. जुन्या आणि नव्या नंबरांचा मेळ घालायला गावचा जुना नकाशा लागत होता. तेवढ्यात मार्च २०२० आला आणि सगळी कार्यालये बंद झाली. दीड वर्षानंतर एका कार्यालयात मला नकाशा फाटल्यामुळे देता येत नाही असे सांगण्यात आले, चौथ्या खेपेला तोच नकाशा न फाटलेल्या अवस्थेत मिळाला, आणि नाल्याच्या वळणावरून व विहिरीच्या खुणेवरून शेत ओळखता आले. ते अकरा रुपयांचेच होते. थोरले १९१८ मध्ये गेले नव्हते. आजोबा तिशीत येईपर्यंत त्यांचा बाप जिवंत होता. दोरीचे तुकडे त्यांनी का जपले ते आता मला सांगता येत नाही.

आत्याबाई तेव्हा ९३ वर्षांच्या होत्या. मी सगळी हकीकत सांगितली. त्या सुपारी कातरत होत्या, त्यांनी मान वर न करताच विचारले, “मंग मी काय म्हणत होती तुले?”

भंडाऱ्याच्या गृहस्थांना मी कोतवाल बुकाच्या त्या पानाची प्रमाणित नक्कल स्वतः नेऊन दिली, सोबत जमाबंदीच्या दोन्ही वर्षांच्या पानांची छायाचित्रेही दिली. त्यांच्या घराण्यात पणजीचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. ते १९१९-२० च्या त्या ‘मुसम्मात’ शब्दापुढे होते. नवरा जिवंत असता तर ते कोठेच लिहिले गेले नसते. त्यांनी ते नाव दोनदा मोठ्याने वाचले आणि पितृपक्षाला किती दिवस राहिले ते भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहिले.

चूक दुरुस्त करणे हे ती करण्यापेक्षा कितीतरी जास्त कष्टाचे निघाले. अकरा घरांना मी नवे टिपण पाठवले. त्यांपैकी चार घरांत आजही जुनेच सांगितले जाते, कारण पोरक्या मुलाची गोष्ट अधिक चांगली आहे. भाच्याने संकेतस्थळावरची माहिती बदलली, परंतु तोवर ती आणखी दोघा अनोळखी माणसांनी आपापल्या वंशवृक्षांत उतरवून घेतली होती, आणि त्यांना लिहिलेल्या पत्रांची उत्तरे आलेली नाहीत. हा वंशवृक्ष पुतणीच्या प्रकरणातल्या शपथपत्रावर गेला नव्हता, हे आमचे नशीब. वैधता प्रकरणात वंशावळ शपथेवर द्यावी लागते, आणि आमच्या शपथपत्रात आजोबांच्या वर कोणी घातलेच नव्हते.

या अनुभवानंतर आम्ही चौघांनी कागद देण्याघेण्याची रीत बदलली. पूर्वी आम्ही हव्या त्या ओळीचे छायाचित्र पाठवत असू. आता पूर्ण पान, त्याच्या आधीचे व नंतरचे पान आणि बुकाचे मुखपृष्ठ पाठवतो, कारण दुसरे नाव अकरा ओळी खाली असू शकते. छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ टाकले तर दाबले जाऊन मोडीचे बारीक फाटे पुसट होतात, म्हणून ते डॉक्युमेंट करून पाठवायचे. प्रत्येक पानासोबत कार्यालय, बुकाचे नाव, साल, पान आणि अनुक्रमांक लिहायचा. कागदावर जे अक्षरशः लिहिले आहे ते एका रकान्यात आणि त्यावरून आपल्याला जे वाटते ते दुसऱ्या रकान्यात. हा दुसरा रकाना पेन्सिलीने लिहावा असा शिक्षिकाबाईंचा आग्रह असतो आणि मी तो मुकाट्याने पाळतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेलेही पहिल्याच रकान्यात जाते, कोणी आणि कधी सांगितले त्यासह.

जिवंत माणसांची नावे आम्ही कोणालाच देत नाही, आणि जातीचा उल्लेख असलेली प्रमाणित नक्कल त्या घराण्याबाहेरच्या कोणाच्या हाती ठेवत नाही. आपला नसलेला पूर्वज आपला म्हणून दाखवायला आतुर असलेली माणसे या वाटेवर भेटतात. एकाने मला थोरल्यांच्या नोंदीसाठी पैसेही देऊ केले होते. कोणते गाव आणि कोणते नाव हे इथे लिहिले तर उद्या त्या नावाचे तिसरे वारस निघतील, म्हणून मी ते लिहिले नाही.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा मार्गही मी पाहून घेतला. नाशिक-त्र्यंबकला गेलो, गाव आणि आडनाव सांगितले, वही निघाली, तीत माझ्या एका काकांची १९६१ सालची सही सापडली आणि त्यामागे काही नाही. साडेसात आणि अकरा रुपये लगान भरणारी माणसे नाशिकला जात नसत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने काढून ठेवली आहेत, त्यांचा ज्या घराण्यांना उपयोग होतो त्यांना तो अफाट होतो. आमच्यासारख्यांना कोतवालाचाच आधार.

गेल्या उन्हाळ्यात त्याच गावच्या १९२७ च्या कोतवाल बुकात मला आणखी एक ओळ सापडली. ‘जोजे’, पुढे थोरल्यांचे नाव, वल्द, उमर चाळीस, ताप. दुसऱ्या घरची स्त्री १९१८ पासून बेवा होती आणि गाव सोडून गेली होती, तेव्हा १९२७ मध्ये नवरा हयात असलेली ही बाई आमचीच पणजी असली पाहिजे, असे मी दुसऱ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले आहे. तिचे नाव नोंदीत नाही. आत्याबाईंच्या जन्माआधीच ती गेली, आणि घरात तिला सगळे नुसते बाई म्हणत एवढेच त्यांनी ऐकलेले आहे. भंडाऱ्याच्या गृहस्थांनी पूर्ण पान मागवून घेतले, तीन दिवसांनी फोन केला, आणि तिचे माहेर कोणते हे कळले तर त्या गावच्या जन्मनोंदी बघू या, असे म्हणाले. माहेरच्या जन्मनोंदीतही ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढेच लिहिलेले असणार, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत आहे. नकलेचा अर्ज आम्ही दोघांच्या सहीने टाकला आहे.